दादा, ही द्राक्षं तपासायला नेतोय हं

परवा किलोभर द्राक्षं आणली. घड उचलला तर बोटांना निळसर पूड. लेक म्हणाली, "बाबा, चाट मसाला लावूनच मिळतात का?" तेव्हापासून मी द्राक्षांवर फवारलेल्या कीटकनाशकांच्या विषयातला जाणकार झालोय. ऐका.

आधी धुवा. मीठ, हळद, खायचा सोडा, व्हॉट्सअ‍ॅपवर येईल ते घाला. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणारं औषध सालीच्या आत मुरलेलं असतं, ते निघत नाही. पण हात तर स्वच्छ होतात!

मसाल्याची काळजी सोडा. एप्रिल २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, देशात नोंदणीच नसलेल्या कीटकनाशकांची मसाल्यातली मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवरून ०.१ केली. मसाला तोच, एका कागदात पास.

तरी शंका असेल तर २००६चा अन्न सुरक्षा कायदा आहे, कलम ४०. कुणीही ग्राहक फी भरून माल तपासून घेऊ शकतो. फक्त घेतानाच विक्रेत्याला तसं सांगायचं. मी सांगितलं! संध्याकाळच्या गर्दीत, हातगाडीवर. "दादा, ही तपासायला नेतोय हं." दादा म्हणाले, "कुठंबी न्या, सुटे द्या." मग अन्न-औषध प्रशासनाच्या ऑफिसला फोन. पावती आहे का? हातगाडीची पावती! साहेब मीटिंगला, सोमवारी करा. सोमवारी साहेब दौऱ्यावर. गुरुवारी फोन उचललाच नाही. तोवर फ्रिजमध्ये द्राक्षांना बुरशी आली. बुरशी जगली म्हणजे औषध फार नसावं, हाच माझा अहवाल.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे युरोपात राहायला जा. तिकडे जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षाची बाग नोंदलेली असते, नमुना तपासल्याशिवाय माल हलत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट हे वेलीची वाढ रोखणारं रसायन सापडलं म्हणून तिकडे माल अडला, तर इकडे केवढी पळापळ झाली!

म्हणजे येतं की आपल्याला. निर्यातीचा माल कुठल्या बागेचा ते नोंदणारं ग्रेपनेट आहे, पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा आहे, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं हे बागाईतदाराला तोंडपाठ आहे. मग 'लोकल माल' म्हटलं की सगळं का विसरतं? इथल्या बाजारातलेही नमुने घेतात, पण अहवाल येईस्तोवर द्राक्ष पोटात, आणि कुठल्या बागेचं होतं ते कुणालाच ठाऊक नाही. लाजा वाटत नाहीत? आणि "आपल्याला काय होतंय" म्हणून हसणारे तुम्ही, डब्यात ती द्राक्षं तुमच्याच पोरांच्या आहेत. एक फोन तुम्हीही करा की. साहेब एकट्या माझ्यासाठी दौऱ्यावरून परत यायचे नाहीत.