प्रिसेप्टर व्हावं का?

मी इथे अमेरिकेत औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. इथल्या एका फार्मसी कॉलेजने विचारलंय, शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी तुमच्याकडे पाठवू का? प्रिसेप्टर म्हणजे लायसन्सवाला फार्मासिस्ट. विद्यार्थी त्याच्या देखरेखीखाली काउंटरवर काम शिकतो आणि त्याच्याच सहीने विद्यार्थ्याचे तास धरले जातात. इथे फार्मासिस्ट व्हायची पदवी, म्हणजे फार्म.डी., करताना सुरुवातीच्या वर्षांत किमान ३०० आणि शेवटच्या वर्षात किमान १४४० तास असे भरावे लागतात. मी अजून हो म्हटलेलं नाही.

माझी भाची तिकडे भारतात डी.फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, करते, त्यामुळे घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक्झिट परीक्षेचा वाद अधूनमधून पेटतो. २०२२च्या नियमांनी डिप्लोमावाल्यांना फार्मासिस्ट म्हणून नोंदणीआधी ही परीक्षा सक्तीची केली. काका म्हणतात, कॉलेजांचं पीक आलंय, चाळणी हवीच. ताई म्हणते, पोरं एकदा पास झाली ना, मग पुन्हा परीक्षा कशाला? दोघांचंही खरं आहे, पण ट्रेनिंगबद्दल कोणीच बोलत नाही. किमान तीन महिन्यांत ५०० तास, त्यातले निदान २५० प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यात, हा नियम १९९१ पासून कागदावर आहे. भाचीला विचारलं, तू कुठे करणार? म्हणाली, "मामा, त्यात करायचं काय असतं? ओळखीच्या मेडिकलवाल्याचा शिक्का मिळतो की."

तिला काय बोलणार? महेश झगडे महाराष्ट्राचे अन्न व औषध आयुक्त असताना 'दुकानात फार्मासिस्ट हजर हवाच' अशी मोहीम निघाली, तेव्हा दुकानदार बंदवर उतरले होते. जिथे फार्मासिस्टचं नुसतं सर्टिफिकेट टांगलेलं असतं, तिथे ५०० तास शिकवणार कोण? भिंत?

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. साखळी दुकानांत फोन, लसी, इन्शुरन्सची भांडणं आणि ड्राइव्ह-थ्रूची, म्हणजे गाडीत बसूनच औषधं घेणाऱ्यांची, रांग एकाच माणसाच्या डोक्यावर असते. विद्यार्थी फी भरतो कॉलेजला, प्रिसेप्टरच्या हाती बहुतेकदा आभाराचं पत्र. मग विद्यार्थी म्हणजे फुकटचे दोन हात असा हिशोब होतो आणि पोरगं महिनाभर गोळ्या मोजतं नाहीतर गल्ल्यावर उभं राहतं. तास खरे भरतात, शिकणं शिक्क्याइतकंच.

याच्या उलटही पाहिलंय. एका सहकाऱ्याकडे शिफ्ट बदलताना मी उभा होतो. संधिवाताच्या एका बाईंची मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी आली, तिच्यावर 'रोज एक'. संधिवाताला ही गोळी आठवड्यातून एकदाच देतात. रोज घेतली तर रक्तपेशी घटत जातात, जीवही जाऊ शकतो. विद्यार्थिनीच्या ते लक्षात आलं होतं, पण डॉक्टरांना फोन करायला ती धजेना. सहकाऱ्याने रांग थांबवली आणि फोन तिलाच करायला लावला. पलीकडून नर्स म्हणाली, लिहिलंय तेच द्या. मुलगी गप्प. त्याने बाजूच्या पाकिटावर खरडलं, 'डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मी हे देणार नाही'. तिने ते वाचून दाखवलं, आवाज कापत होता. थोड्या वेळाने चिठ्ठी बदलून आली. तोवर बाहेर दोन गाड्यांचे हॉर्न वाजून झाले होते, आणि उशीर का झाला ते मॅनेजरला सांगणं सहकाऱ्याच्या वाट्याला आलं.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून किती वेळा, हे एक्झिट परीक्षेत विचारता येईल. चार पर्याय द्यायचे, झालं. नर्सला नाही कसं म्हणायचं, याचा पेपर काढता येत नाही. म्हणून परीक्षेला माझा विरोध नाही, पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवणं मला पटत नाही. तिकडे जी मंडळी इतक्या तावातावाने भांडतात, त्यांनी निदान ट्रेनिंग देणाऱ्या दुकानांची यादी तपासायचा आग्रह धरावा. चिठ्ठ्या खरंच फार्मासिस्ट हाताळतो का, एवढं पाहिलं तरी निम्मी दुकानं गळतील असा माझा अंदाज आहे.

माझं म्हणाल तर विद्यार्थ्याच्या हातून चूक झाली तर लायसन्स माझं, ही भीती आहेच. त्याहून जड वाटते ती नापास करायची वेळ. कर्ज काढून शिकणाऱ्या पोराला शेवटच्या वर्षात 'अजून तयार नाहीस' सांगायला छाती लागते. ते जमणार नसेल, तर मी सही करण्यात आणि भाचीच्या मेडिकलवाल्याने शिक्का मारण्यात फरक काय?

तेव्हा कॉलेजला कळवतोय, दोन नाही, एकच विद्यार्थी घेईन. दुपारच्या गर्दीत एक जादा टेक्निशियन, म्हणजे फार्मासिस्टचा मदतनीस, मॅनेजरकडे मागितलाय, म्हणजे दिवसातला तासभर तरी विद्यार्थ्याला देता येईल. त्याचं उत्तर यायचंय. नाही म्हणाला, तर माझंही नाही.