एका सुऱ्याची वंशावळ

जुन्या वस्तूंच्या ढिगात हात घालू नये, असं बायको गेली बावीस वर्षं सांगते आहे. मी घालतो. आजवर या हाताला बंद पडलेली घड्याळं, एका डोळ्याची दुर्बीण आणि कुणाचं तरी सुवर्णपदक (पितळी) लागलेलं आहे. या वेळी सुरा लागला.

सुरा कसला, चंदेरी रंगात बुचकळून काढलेली लोखंडाची पट्टी होती ती. मुठीला दोन बाजूंनी लाकडाचे दोन तुकडे, दोन्ही वेगवेगळ्या रंगांचे. विकणारा म्हणाला, "शिकारीचा आहे, साहेबाचा." कोणत्या साहेबाचा, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण मला मुठीच्या टोकाशी एक बटण दिसलं होतं. शिकारीच्या सुऱ्याला बटण कशाला लागतं? ते दाबलं तर आतली स्प्रिंग अजून जिवंत होती. तिथेच माझा निकाल लागला.

घरी आल्यावर बायकोनं सुरा पाहिला आणि मला धारेवर धरलं. सुऱ्याला धार नव्हती, त्यामुळे तेवढी एकच धार घरात होती.

बटणाचा उलगडा त्याच रात्री झाला. हा सुरा नव्हताच, ही संगीन होती. बंदुकीच्या तोंडाशी अडकवायची. मुठीच्या पाठीवर जी लांब खाच असते ती बंदुकीवरच्या खुंटीवर सरकते आणि बटणाची कळ तिला धरून ठेवते. माझ्या सुऱ्याची खाच कुणीतरी एमसील भरून बुजवली होती. पुढच्या आडपट्टीला वरच्या अंगाला एक कडं असतं. ते ग्राइंडरनं उडवलेलं, पण खाली चंद्रकोरीएवढा अंश उरला होता. चिरंजीव म्हणाले, "बाबा, याचा कान कापलाय."

मग थिनर, चिंधी आणि तीन रात्री. पॉलिश पेपर घ्यायचा मोह झाला होता, पण जाणकार सगळे एका सुरात सांगतात, घासू नका. गंजाबरोबर इतिहासही जातो. आमच्या सुऱ्याच्या पूर्वीच्या मालकाला हे कुणी सांगितलं नसावं. त्यानं इतिहासच आधी घासला होता आणि गंज राखून ठेवला होता.

तिसऱ्या रात्री मुठीजवळच्या सपाट भागावर एक मुकुट उगवला. त्याखाली जी. आर. आणि त्याखाली १९०७. मी झोपलेल्या बायकोला उठवलं. "एकोणीसशे सात! शंभर वर्षांवर जुना आहे!" ती म्हणाली, "मग त्याला तरी झोपू दे."

सकाळी चिरंजीवांनी माझा फुगा फोडला. "बाबा, जी. आर. म्हणजे राजा जॉर्ज ना? पाचवा जॉर्ज १९१० साली गादीवर आला. मग १९०७ मध्ये त्याचं नाव कसं?" शाळेच्या फीचे पैसे वसूल झाल्याचा आनंद आणि बापाचं नाक कापल्याचं दुःख मी एकाच घोटात गिळलं. खरी गोष्ट अशी की १९०७ हे नमुन्याचं साल. इंग्रजांनी ली-एनफिल्ड बंदुकीसाठी १९०७ साली ही संगीन ठरवली, जपान्यांच्या संगिनीवरून बेतून. बनवल्याचा महिना आणि साल त्याच्या खाली बारीक आकड्यांत असतं. भिंगातून मला पाच आणि सतरा दिसले. म्हणजे मे १९१७. दहा वर्षं एका सकाळीत गेली. या वयात एवढं तरुण व्हायला मिळालं तर मी तक्रार केली नसती, पण सुऱ्याच्या बाबतीत मला वाईट वाटलं.

पात्याच्या दुसऱ्या बाजूला एक बाण आणि एक फुली निघाली. फुली पाहून माझा जीव खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी ऐतिहासिक मिळालं आणि तेही नापास! पण ती फुली पाते वाकवून पाहिल्याची, म्हणजे पास झाल्याची निघाली. आमच्या मास्तरांनी ही पद्धत ठेवली असती तर मी इंजिनियर झालो असतो. बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. सरकारनं वस्तू विकून टाकली की आणखी एक बाण उलटा ठोकून दोघांची टोकं भिडवायचे. माझ्याकडे एकच बाण होता. बायकोनं लगेच मुद्दा काढला, "म्हणजे अजून सरकारचाच आहे. परत मागायला आले तर दार तुम्ही उघडा."

आता लांबी. या संगिनीचं मूळ पातं सतरा इंचांचं. माझ्या सुऱ्याच्या पात्यावरची पन्हळ थेट टोकापर्यंत गेलेली होती. मूळ पात्यात ती टोकाच्या बरीच अलीकडे संपते, तेव्हा पातं कापलंय हे उघड होतं. (ही पन्हळ रक्त वाहून जायला असते, असं मित्रानं डोळे मोठे करून सांगितलं. ती पातं हलकं करायला असते. मित्राला हे पटलं नाही. त्याला रक्तच हवं होतं.) पण कापलं कुणी, हा खरा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात या लांब संगिनी सरकारनंच कापून बारा इंचांच्या केल्या होत्या. म्हणजे माझा सुरा बारा इंच भरला तर तो सरकारी कापाकापीचा, अस्सल. मी टेप लावला. पावणे अकरा. पुन्हा लावला. टेप थोडा सैल धरून लावला. आडपट्टीच्या मागून लावला, तेव्हा सव्वा अकरा झाले. पण मला माझीच लाज वाटली. सव्वा इंचानं सुऱ्याची सरकारी नोकरी हुकली.

राहता राहिलं कारखान्याचं नाव. ते सालाच्या खाली असतं आणि नेमकं तिथेच कडं उडवताना ग्राइंडर घसरला होता. उरली होती शेवटची तीन अक्षरं : एस, ओ, एन. सन. मुलगा सापडला, बाप पुसलेला! या संगिनी बनवणाऱ्यांत विल्किन्सनही होते आणि सँडरसनही. दोघांची शेपटी सारखीच. चॅपमन असते तर प्रश्नच नव्हता. एसच्या आधीचं अक्षर एन असेल तर विल्किन्सन, आर असेल तर सँडरसन. विजेरी तिरपी धरून पाहिलं. अक्षरांत टाल्कम पावडर भरून पाहिली. कागद ठेवून वर पेन्सिल घासली. दर वेळी एकच तिरपी रेघ उमटली. आता तिरपी रेघ एनलाही असते आणि आरलाही. घरात दोन पक्ष पडले. चिरंजीव एनच्या बाजूचे. बायको आरची, कारण मी एनचा होतो.

आणि टोक. टोक सुईसारखं नव्हतं, छिनीसारखं चपटं होतं. यावर मित्राचा आणि माझा एक अख्खा रविवार गेला. रणांगणात टोक मोडलं असावं आणि कुण्या शिपायानं खंदकात बसून घासून त्याला नवा आकार दिला असावा, असं आमचं ठरलं. मित्र तर म्हणाला, चिलखत भेदण्यासाठी. मी ते वहीत लिहून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात करकरणारं दार बघायला सुतार आला. टेबलावरचा सुरा त्यानं न विचारता उचलला. उलटा केला, सुलटा केला.

"डावखुऱ्याचं काम आहे," तो म्हणाला. "कानस बघा ना, उलटीकडून चाललीय. ही मूठ खुर्चीच्या हाताची. हा दुसरा तुकडा स्टुलाचा."

"आणि कारखाना?" मी भिंग पुढे केलं. "एन वाटतो की आर?"

त्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं, जसं आजारी माणसाकडे पाहतात. "ते काय माहीत नाही साहेब. पण ह्याची हातोडी केलेली आहे. मागून ठोकलंय बघा किती."

मुठीचं टोक खरंच चेचलेलं होतं. मी त्याला टॉर्पेडो, तोफगोळा वगैरे कारणं लावली होती.

मग तो दारापाशी गेला. बिजागरीचा स्क्रू सैल होता. स्क्रू ड्रायव्हर पिशवीतून काढायचा कंटाळा आला असावा. त्यानं सुऱ्याचं टोक स्क्रूच्या खाचेत घातलं. ते असं बसलं की पाचवे जॉर्जसुद्धा आपल्या गादीवर इतके नीट बसले नसतील. चार वेढे, आणि दार गप्प.

सुतारानं सुरा पुसून माझ्या हातात दिला. "मापात घासलंय," तो म्हणाला. "चांगला कारागीर होता."

बायको आतून बाहेर आली. तिनं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच त्या सुऱ्याकडे मायेनं पाहत म्हणाली, "अहो, बाल्कनीच्या दारालाही लावून बघा ना जरा."