त्सुबासा, दादा आणि पहाटेचे साडेपाच

गेल्या रविवारी दादानं घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. पुतण्याच्या खोलीतली भिंत. वहीचा कागद चिकटवलेला, त्यावर स्केचपेननं लिहिलेलं, ‘हरलो तरी थांबणार नाही’, आणि खाली बॉलला लाथ मारणाऱ्या त्सुबासाचं, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या फुटबॉलवाल्या पोराचं चित्र. फोटोखाली दादाची टीप: ‘गणितात ३४. हे बघा आमचे जपानी कार्टूनवाले. थांबणार नाही म्हणे. सुरू कधी झालंय ते?’

सगळ्यांनी हसून घेतलं. आत्यानं हात जोडले, ती कशालाही हात जोडते. मला मात्र राग आला. जपानचं नाव निघालं की टोमणा आपल्यालाच आहे असं वाटायची खोड मला इथं टोकियोत राहून चौदा वर्षांत लागली आहे.

पाठोपाठ दादाचा दुसरा मेसेज: ‘खाशाबांनी कुठलं कार्टून बघितलं होतं रे? वस्ताद दोन ठेवून द्यायचा की गडी सरळ.’

झालं. मी केईसेईच्या लोकल गाडीत उभ्या उभ्या निबंध लिहिला. त्सुबासाची चित्रकथा योइची ताकाहाशींनी १९८१ साली काढायला घेतली, १९८३ ला ती टीव्हीवर आली. तेव्हा या देशात बेसबॉलपुढं फुटबॉलला कोण विचारत होतं? व्यावसायिक लीग आली १९९३ ला, पहिला वर्ल्ड कप १९९८ ला, आणि २०२२ ला ह्यांनी एकाच स्पर्धेत जर्मनी आणि स्पेन दोघांना लोळवलं. मधली वर्षं, पैसा, प्रशिक्षक, सगळं मी एका दमात गाळलं. वादात तेवढं चालतं. वर फर्नांडो टोरेस टाकला. स्पेनचा एवढा मोठा स्ट्रायकर, लहानपणी हेच कार्टून बघून खेळायला लागलो असं त्यानं स्वतः सांगितलंय. शेवटी इराक: जपानी सैन्य समावाला होतं तेव्हा पाण्याच्या टँकरवर ह्याच त्सुबासाची चित्रं चिकटवली होती, कारण तिकडची पोरं त्याला ‘कॅप्टन माजिद’ म्हणून ओळखायची. आता बोल म्हटलं.

दादा बोलला नाही, वहिनी बोलली. ‘भावोजी, मी सांगतो तुम्हाला, पोरग्याला मोबाईल बघायला निमित्त पाहिजे, दुसरं काय नाही.’ ते ‘मी सांगतो’ ऐकलं की मी निम्मा हरतो. इथं माझ्याशी अशा कोल्हापुरी मराठीत बोलणारं कोणी नाही.

खाशाबांवर मी गप्प बसलो, कारण तिथं दादाचंच खरं होतं. निदान अर्धं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. कुस्तीतलं कांस्यपदक आलं. त्यात कार्टून नव्हतं, पण वस्तादाची थप्पडही नव्हती, घराचे कागद होते. आणि थप्पडीचं म्हणाल तर इथंही तिचे भक्त कमी नाहीत. ज्या देशात १९९० नंतर ‘स्लॅम डंक’ ही बास्केटबॉलची चित्रकथा वाचून हजारो पोरं बास्केटबॉलकडं धावली, त्याच देशात २०१२ साली ओसाकातल्या एका शाळेच्या बास्केटबॉल संघाच्या कर्णधारानं प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर जीव दिला. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. जपानची घाण घरच्यांपुढं काढायची नाही हा माझा अलिखित नियम आहे. कोल्हापूरची इथं ऑफिसात काढत नाही, तसाच.

मैदानावर मात्र मी दादाला धरला. त्या कार्टूनमधलं मैदान एवढं लांब की एका गोलपासून दुसऱ्यापर्यंत पळताना आख्खा भाग संपतो, मध्ये दोघांच्या बालपणीच्या आठवणीही होऊन जातात. कोल्हापुरात तेवढी जागा कुठाय? पेठेपेठेत तालीम, तालमीतालमीत फुटबॉलची टीम. वर्ल्ड कप आला की मेस्सी-नेमारचे कटआउट दोन मजली. शाहू स्टेडियमवर मॅच असली की आख्खं गाव गॅलरीत, आणि बारक्या पोरांनी सरावाला जायचं कुठं तर पावसात तळं होणाऱ्या गांधी मैदानात. इथं आराकावा नदीच्या काठाला ओळीनं मैदानं आहेत, नदी फुगली की तीही पाण्याखाली जातात. पण ते मी कशाला सांगू?

दादानं एवढंच विचारलं, ‘मग तुझं पोरगं खेळतंय का?’

खेळतं. रविवारी, त्याच काठावर. गेल्या आठवड्यात ओचा-तोबान, म्हणजे पोरांसाठी चहा न्यायची पालकांची पाळी, आमच्याकडे होती, सकाळी सहाला उठून मी चहाचे जग भरले. पण तो त्सुबासामुळं खेळत नाही. ‘बाबा, ते जुनं झालं,’ म्हणतो, आणि घर ताकाहाशींच्याच वॉर्डात, योत्सुगीच्या पुढचं स्टेशन. खाली इमारतीपाशी त्याचा दोस्त येऊन हाक मारतो म्हणून तो जातो. मागे दोस्त महिनाभर आजारी होता, तर ह्याचे बूट महिनाभर कपाटात.

तेव्हाच त्यानं मला विचारलं होतं, बाबा तुम्ही खेळायचा का? मी हो म्हणालो. तालमीच्या टीममध्ये होतो, हे खरं. एक सीझन बेंचवर बसलो, एकदा शेवटची दहा मिनिटं आत गेलो, बॉल पायाखालनं सुटला, गॅलरीतून जे ऐकलं ते इथं लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. बोलवायलाही कोणी आलं नाही. पुढं शिरोलीच्या एका फौंड्रीत लागलो, तिथनं इकडं. इथं दिवसाला वीसदा ‘गानबात्ते’, म्हणजे ‘जोर लाव’, म्हणतो आणि ऐकतो, लिफ्टमध्ये ‘नमस्कार’ म्हणावं तसं.

म्हणजे पुतण्याच्या भिंतीची बाजू मी का घेत होतो, ते दादाला कळलं असणार. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे आणि त्या दिवशी गॅलरीत होता.

पुतण्यानं मला वेगळा मेसेज केला: ‘काका, तुमच्या जवळ त्सुबासाचा पुतळा आहे ना? बघितला का?’ २०१३ पासून आहे. मी त्यावरनं कित्येकदा गेलोय, थांबलो कधीच नाही. शनिवारी गेलो. छोट्याशा बागेत पितळी रंगाचा पोरगा, पायाशी बॉल. फोटो काढून पाठवला. त्यावर दादाचाच प्रश्न आला, ‘उंची किती रे?’

काल सकाळी ऑफिसला जाताना लोकल गाडीत होतो, इथले नऊ, म्हणजे कोल्हापुरात साडेपाच. पुतण्यानं व्हिडिओ पाठवला. अंधार, ओलं मैदान, मोटरसायकलच्या हेडलाइटच्या उजेडात पोरगं पळतंय. मोबाईल धरणारा दिसत नाही, पण आवाज दादाचा. टोरेसबद्दल लिहिताना एक गोष्ट मी सोयीनं खाल्ली होती: कार्टूनइतकंच श्रेय त्यानं थोरल्या भावालाही दिलंय, ज्यानं त्याला जबरदस्तीनं खेळायला लावलं.

‘पळ की रं, पळ! झोपलास काय?’

कानात हेडफोन नव्हते. गाडीत एक शब्द कोणी बोलत नाही, समोरच्या आजीबाईंनी वर बघितलं. मी मान लववून माफी मागितली, आवाज बारीक केला आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला.