टेबलावरच्या फोनचा लाल दिवा : एक खुलासा

‘ऑफिसच्या फोनवरचा लाल दिवा लुकलुकू लागला की तुमचे बोलणे कोणीतरी ऐकत आहे, ताबडतोब वायर काढा’ असा संदेश सध्या फोर्ट आणि नरिमन पॉइंट भागातल्या ऑफिसांच्या ग्रुपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. बहुतेक डेस्क फोनच्या वरच्या कोपऱ्यातला हा दिवा व्हॉइसमेलमध्ये न ऐकलेला निरोप असल्याचे सांगतो. मी स्वतः मोबाइलवरून माझ्या एक्स्टेन्शनवर निरोप ठेवून पाहिला; थोड्याच वेळात दिवा लुकलुकू लागला आणि पाकिटाचे चित्र असलेले बटण दाबून निरोप ऐकल्यावर तो विझला. म्यूटच्या बटणावरचा लाल दिवा वेगळा, तो लागलेला असताना आपला आवाज पलीकडे जात नाही. लाइनच्या बटणांवरचे रंग मॉडेलनुसार बदलतात, त्यासाठी आपल्या फोनची पुस्तिका पाहावी. वायर मात्र काढू नये, कारण अनेक आयपी फोनमधूनच (म्हणजे टेलिफोन लाइनऐवजी संगणकाच्या नेटवर्कवर चालणाऱ्या फोनमधूनच) शेजारच्या संगणकाला नेटवर्क मिळते आणि तेही त्याबरोबर बंद पडते. संभाषणाचे रेकॉर्डिंग होते का, हे या दिव्यावरून कळत नाही. तशी शंका असल्यास प्रशासन विभागाला विचारावे. कृपया तो संदेश पुढे पाठवू नका, आणि पाठवला असल्यास त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.