बर्फ ठीक, पण तिसऱ्या दिवसाचं काय?
"दोन मिनिटं बर्फ धरा, सुई गेलेली कळणारही नाही" हे न दुखता कान टोचण्याविषयीच्या लेखातलं वाक्य खटकलं. बर्फाने फक्त वरची कातडी बधिर होते, तीही थोडाच वेळ. शिवाय गारठलेला कान कडक होतो आणि घाबरलेल्या हातातली सुई वाकडी जाते. आमच्या भाचीने इथे इंदूरला, हॉस्टेलच्या खोलीत, असाच बर्फ लावून सेफ्टी पिनने कान टोचला. पाळीला नाही, वरच्या कूर्चेला, म्हणजे कानाच्या कडक भागाला! टोचताना दुखलं नाही म्हणून खूश होती. तिसऱ्या दिवशी कान लाल, गरम, ठणकणारा. आणि ही पठ्ठी दर सहा तासांनी दुखण्यावरची गोळी घेऊन गरब्याच्या प्रॅक्टिसला!

दुखणं दाबण्याच्या नादात, काहीतरी बिघडलंय हे सांगणारं दुखणंच ऐकू येईनासं झालं, हे लेखात कुठेच नाही. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिथला जंतुसंसर्ग हट्टी असतो, आणि उशीर झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडतो. हिचं अँटिबायोटिकवर निभावलं. आणखी एक, टोचण्याआधी अॅस्पिरिन तर मुळीच नको, त्याने रक्त लवकर थांबत नाही. आमची आजी सराफ्यातल्या सोनाराकडे न्यायची, बर्फ-बिर्फ काही नाही. एकदाच कळ यायची, मग हातात गरम जिलेबी. अर्थात तोही फक्त पाळीच टोचायचा. वरचा कान दाखवला असता तर हाकलूनच दिलं असतं.