पुरासाठी जपून ठेवलेली बॅटरी

आमच्या सांगलीत जुलै लागला की आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं हाच विषय. ४० ला इशारा, ४५ ला धोका, पण २०१९ बघितलेली माणसं ३५ लाच गाद्या माळ्यावर टाकायला लागतात. आई त्यातलीच. तिनं खास पुरासाठी एक बॅटरी (टॉर्च म्हटलेलं तिला आवडत नाही) तीन भारीतले पेन्सिल सेल घालून कपाटात ठेवलेली, रोज रात्री लागतीय का बघायची आणि परत ठेवायची. बाकी कुणी हात लावायचा नाही.

परवा लाईट गेली. बटण दाबलं, काही नाही. झाकण फिरेना म्हणून पक्कड आणली, बाबा म्हणाले उलटं फिरवतोयस, मी म्हटलं सुलटंच आहे, शेवटी निघालं एकदाचं तर आत सगळा पापडखार. नदीच्या आधी बॅटरीलाच पूर.

स्वस्तातल्या सेलचं डबडंच जस्ताचं असतं, वापरून वापरून तेच झिजतं आणि भोक पडून गळतं, म्हणून तर मी गणपती पेठेतून अल्कलाइन आणलेले. त्यांना बाहेरून स्टील, जस्ताची पूड आत, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये. पण ती पूड नुसती बसल्या बसल्यापण थोडा थोडा हायड्रोजन सोडत असते (रिटायर झाल्यावर गॅस धरणारी माणसं आपल्याकडं काय कमी आहेत), दाब वाढला की सील फाटतं, आतलं बाहेर येतं आणि हवा लागून पांढरं होतं. ते पोटॅशियम कार्बोनेट, म्हणजे पापडखाराचं चुलत भावंडच.

सेल पूर्ण उतरला की गॅस जास्त. त्यात नव्यांबरोबर एक जुना असला तर तो आधी संपतो आणि बाकीचे त्याच्यातून जबरदस्तीनं करंट ढकलत राहतात. एवढं मी मोबाईलच्या उजेडात सांगत होतो तेवढ्यात आईला दिसलं, दोन सेल सोनेरी, एक लाल.

"अहो."

"रिमोटचा संपलेला," बाबा म्हणाले. "मॅच चालू होती. शेवटची ओव्हर."

पुढचं लिहीत नाही. जुने मोजे हातात घालून लिंबू चोळलं, जरा फसफसलं, पत्रे चकाकले आणि बॅटरी वाचली. आता आईचा नवा नियम, सेल बॅटरीत ठेवायचे नाहीत, वेगळ्या डब्यात.

काल परत लाईट गेली. बॅटरी लगेच सापडली. सेलचा डबा कुठल्या फळीवर आहे ते बघायला मात्र उजेड नव्हता.