'भाकरी मागा की ताई, झालं!' : पंचवटीकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

पंचवटीकर भाऊ, नमस्कार.

माझ्यासारखा सिलिॲक (गहू अजिबात न चालणारा आजार) असलेला माणूस नाशिकला फिरायला आला, तर बाहेर खाताना त्याने काय काय विचारून घ्यावं, हे मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि चांगलीच झणझणीत आली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं: मी उगाच बाऊ करते. महाराष्ट्रात गहू चालत नसेल तर "भाकरी मागा की ताई, झालं!" कढई कुठली, हिंग कुठला, असल्या चौकशा करून ऐन गर्दीत वेटरचं डोकं खायचं आणि एवढं करून लेखात एका हॉटेलचं नाव द्यायचं नाही, याला काय अर्थ? आपल्या आज्यांना असले आजार नव्हते. कणभर पिठाने कोणी मरत नाही. एवढीच भीती असेल तर घरून डबा आणावा. शेवटी तुम्ही हेही लिहिलंत की नाशिकमधल्या द्वारकेजवळ तुमच्या मेहुण्यांचं हॉटेल आहे आणि असं गिऱ्हाईक आलं की ते लांबूनच हात जोडतात.

उत्तर लांबेल, आधीच सांगते.

भाकरीपासून सुरुवात करू, कारण गाडी तिथेच अडते. ज्वारी, बाजरी, नागली (नाचणी), तांदूळ यांत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं ते त्रासदायक प्रथिन, नसतं, हे तुमचं अगदी बरोबर. गंगापूर रोडला पुढे 'चुलीवरची भाकरी' अशी पाटी लावलेल्या एका ठिकाणी मी मुद्दाम चुलीपाशी जाऊन उभी राहिले. दोघी जणी शेजारी बसलेल्या, एक पोळ्या लाटतेय, दुसरी परातीत भाकरी थापतेय. मध्ये पिठीचा डबा एकच, कणकेचा. भाकरी हाताला चिकटायला लागली की भाकरीवालीचा हात त्याच डब्यात जायचा. थापलेली भाकरी तव्यावर पडली, वरून पाण्याचा हात फिरला, उलटली, आणि मग निखाऱ्याशी शेकायला उभी केली ती शेजारच्या पोळीला टेकवून. मी विचारलं, "मावशी, पीठ नुसतं बाजरीचंच ना?" त्या हसल्या. "नुसतं कसं चालंल? पिठाची विरी गेली की भाकर मोडती. मूठभर कणीक घालावी लागती. गिऱ्हाइकाला अख्खी भाकर लागती ना!"

मावशींनी काही लपवलं नाही की फसवलं नाही. त्यांच्या दृष्टीने ती बाजरीचीच भाकरी होती, आणि तुमच्यासाठी आहेही. माझ्यासाठी नाही. आता सांगा, 'भाकरी मागा की' म्हणून भागलं का?

आणि हे झालं चुलीपाशी. त्याच्या आधी गिरणी येते. गव्हावर लगेच ज्वारी टाकली की जात्यात उरलेलं गव्हाचं पीठ ज्वारीच्या डब्यात उतरतं. आपल्या बायकांना हे कोणी शिकवावं लागत नाही. उपवासाचं दळण असलं की त्या गिरणीवाल्याला बजावतातच, "भाऊ, गव्हावर टाकू नका हं." गिरणीवालाही मान डोलावतो, राजगिरा-शिंगाडा वेगळा काढतो, गिरणी साफ केल्यावर टाकतो. 'कणभर गव्हाने काय होतंय' असं तो म्हणत नाही.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे भाऊ. तुम्ही पंचवटीत राहता. एकादशीला घरातली उपवासाची कढई वेगळी निघते, खिचडीला आमटीतला डाव लागू देत नाहीत. तुमच्या मेहुण्यांकडे जैन मंडळी आली आणि म्हणाली की कांदा-लसणाची ग्रेव्ही नको, चमचासुद्धा वेगळा घ्या, तर ते हात जोडून वाटेला लावतात का? गजपंथाला आणि मांगी-तुंगीला जाणारे यात्रेकरू वर्षभर नाशिकमध्ये उतरतात, आणि इथली हॉटेलं त्यांचं बिनबोभाट सांभाळतात. शाकाहारी माणसाने "मटणाचा झारा भाजीत घालू नका" म्हटलं तर त्याला कोणी नाटकी म्हणत नाही. म्हणजे कशाला काय लागलं, तेल कुठलं, भांडं कुठलं, ही समज आपल्या भटारखान्यात मुरलेली आहे. मी नवीन काहीच मागत नाही. त्याच समजुतीत गहू बसवा म्हणते, एवढंच. आणि माझं कारण तर डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं आहे.

आता कणभर पिठाचं. हा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सिलिॲकमध्ये गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातले बारीक अंकुर झडत जातात. मग लोह अंगी लागत नाही, कॅल्शियम लागत नाही, हाडं ठिसूळ होतात. माझं हिमोग्लोबिन गोळ्यांवर गोळ्या घेऊनही वाढत नव्हतं. पोट तसं फारसं दुखतही नव्हतं. यातच खरी मेख आहे. पीठ पोटात गेलं की प्रत्येकाला लगेच कळ येते असं नाही, म्हणून 'बघा, काही झालं का?' या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. आत व्हायचं ते होत राहतं.

आकड्यांत सांगते. आपल्या एका मध्यम पोळीत साधारण अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. सिलिॲकच्या माणसांना रोज फक्त 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने देऊन पाहिलं, तर तेवढ्यानेही आतड्याला इजा दिसली. म्हणजे त्या पोळीचे पन्नासएक तुकडे करा आणि त्यातला एक उचला. मावशींची 'मूठभर कणीक' याच्या किती पुढे गेली ते तुम्हीच बघा. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन असून चालत नाही, आपल्याकडेही हाच नियम आहे. आणि ग्लुटेन म्हणजे काही जंतू नव्हे, कढत तेलात मरायला. समोसा तळलेल्या तेलात साबुदाणा वडा सोडला तर समोशाचा मैदा त्या तेलात आहे तो आहेच.

(ज्यांना नुसती शंका आहे त्यांच्यासाठी: तपासणीआधी मनानेच गहू सोडू नका. गहू बंद केल्यावर रक्ततपासणी आणि आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, दोन्ही चुकीचं 'ठीक आहे' सांगू शकतात. आधी डॉक्टर, मग पथ्य.)

आज्यांना नव्हतं म्हणता, तर तुमच्या आजी रोज काय खायच्या ते आठवा. आमच्याकडे तरी पोळी सणाला, नाहीतर पाहुणे आले की, एरवी भाकरीच. आणि 'पोर अंगच धरत नाही' म्हणत जी मुलं गेली, त्यांना काय झालं होतं हे कोणी तपासलं होतं? युरोपातसुद्धा गव्हाकडे बोट उशिराच गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला. त्या उपासमारीत विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाचे हे रोगी मात्र सुधारले, आणि पाव परत मिळायला लागल्यावर पुन्हा ढासळले. डिकेला गव्हाचा संशय आधीपासून होता. 1950 साली त्याने आपल्या प्रबंधात तो मांडला. आज उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला सिलिॲक असल्याचं पाहण्यांत आढळलंय. त्र्यंबकला येणाऱ्या बशी कुठून कुठून येतात ते तुम्ही रोज बघता. 2027 च्या सिंहस्थात तर काय, विचारायलाच नको.

वेटरचं डोकं खाण्याबद्दल. रविवारी दुपारी दीड वाजता, मुंबईच्या गाड्या दारात लागलेल्या असताना, मी कोणाला काही विचारायला जात नाही आणि इतरांनाही तसं सुचवलेलं नाही. साडेअकराला जावं किंवा चार वाजता. वेटरपेक्षा काउंटरवर मालक असेल तर त्याच्याशी बोलावं, आणि जमलं तर आचाऱ्याशी. 'ग्लुटेन' वगैरे काही न म्हणता सरळ सांगावं: "मला गहू, मैदा, रवा अजिबात चालत नाही, डॉक्टरांची मनाई आहे. पोळीच्या तव्यावरचं आणि समोशाच्या तेलातलंही नको. यातून काय देता येईल?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. नुसती नकारांची यादी ऐकून माणूस वैतागतो. 'काय देता येईल' म्हटलं की आचारी विचार करायला लागतो, आणि नाशिकचा आचारी एकदा मनावर घेतलं की वेगळं भांडं घासून घेतो, हे मी पाहिलेलं आहे. आणि "नाही जमायचं ताई" असं जो तोंडावर सांगतो, त्याच्यावर मी कधीच रागावत नाही. भीती वाटते ती न ऐकताच "हो हो, चालेल" म्हणणाऱ्याची.

हिंगाची चौकशी तुम्हाला सगळ्यात हास्यास्पद वाटली. घरातली हिंगाची डबी उलटी करून मागचं वाचा. आपण वापरतो तो बांधणी हिंग, त्यात डिंक आणि पीठ असतं. पुष्कळ कंपन्यांचं ते पीठ गव्हाचं किंवा मैद्याचं, काहींचं तांदळाचं. हॉटेलात तोच हिंग आमटीत, सांबारात, बटाटेवड्यात आणि चिवड्याच्या फोडणीत पडतो.

हॉटेलांची नावं मी मुद्दाम दिली नाहीत आणि यापुढेही देणार नाही. आचारी गावाला गेला, पीठवाला बदलला, एका कढईची गॅसची शेगडी बिघडली, की कालचं सुरक्षित हॉटेल आज तसं राहत नाही. माझ्या यादीवर विसंबून कोणी न विचारता खाल्लं तर ते पाप माझ्या माथी. प्रश्न कोणते विचारायचे ते मात्र कुठेही उपयोगी पडतात.

तरी 'मग खायचं काय' हा तुमचा सवाल रास्त आहे. मी स्वतः काय करते ते सांगते. सकाळी इडली: तांदूळ आणि उडीद, वाफवलेली, तव्याचा संबंध नाही. रव्याची नाही ना एवढं विचारायचं, सांबार नाकारायचं, चटणी बिनफोडणीची घ्यायची. डोशाच्या पिठात कुरकुरीतपणासाठी रवा किंवा मैदा घालणारे बरेच आहेत, म्हणून तो विचारल्याशिवाय नाही. साबुदाण्याची खिचडी बहुतेक वेळा निभावून नेते, कारण तिच्यात हिंगही नसतो; वडा मात्र कढई बघूनच. 'उपवासाचे पदार्थ' असा बोर्ड असला तरी कढई उपवासाची असेलच असं नाही. कडक उपवास करणारे लोक हे मी सांगायच्या आधीच ओळखतात, त्यामुळे श्रावणात माझे दिवस बरे जातात. मिसळीशिवाय नाशिक पाहिलं असं कोण म्हणेल? पण पाव तर नाहीच, आणि फरसाणात मैद्याच्या पापड्या मिसळलेल्या असतात. नुसती बेसनाची शेव वेगळी देता आली आणि रश्श्याच्या मसाल्याचं खात्रीने सांगणारा मालक भेटला, तरच. नाहीतर वास घेऊन पुढे. चायनीजच्या गाडीकडे तर बघतही नाही, सोया सॉसमध्येच गहू असतो. द्राक्षांच्या गावात येऊन वाइन चालते का, असं एकाने विचारलं होतं. ग्लुटेनपुरतं बोलायचं तर चालते. जवाची बिअर चालत नाही.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरपट्ट्यात नागली, वरई, भात ही घरचीच पिकं. त्या बाजूच्या एखाद्या घरगुती खानावळीत नागलीची भाकरी, भात आणि उडदाचं भुजं मिळालं तर मी शहरातल्या कुठल्याही एसी हॉटेलावर पाणी सोडीन. तिथेही विचारते. फक्त उत्तर लवकर मिळतं.

प्रसादाचं बऱ्याच जणांनी विचारलं. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. मी हातात घेते, कपाळाला लावते आणि सोबतच्याला देते. कोणाच्या भावना दुखावल्याचं अजून तरी ऐकलं नाही. साखर-फुटाणे किंवा खोबरं असेल तर मग काय, मीच दुसऱ्याचं मागून घेते.

डबा तर मी नेतेच हो. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, केळी पर्समध्ये असतातच. पण कामानिमित्त चार दिवस लॉजवर उतरलेल्या माणसाने, किंवा आई-वडिलांना दर्शनाला घेऊन आलेल्या पोरीने, चार दिवसांच्या भाकऱ्या बांधून आणायच्या का? दुसऱ्या दिवशी त्या उन्हाळ्यात बाहेर काढून बघा एकदा.

आता तुमच्या मेहुण्यांबद्दल. त्यांनी हात जोडायच्या आधी माझं एक काम करा. तुम्ही घरचे, तुमच्यावर ते वैतागणार नाहीत. पुढच्या वेळी गेलात की भटारखान्यात डोकावून तीनच गोष्टी बघून या: हिंगाच्या डब्यावर मागे काय लिहिलंय, बेसन पाकिटातलं की सुटं, आणि सुटं असेल तर कुठल्या गिरणीचं, आणि साबुदाणा वडा तळतात ती कढई दुपारी कचोरीला जाते का. उत्तरं इथेच लिहा. मेहुण्यांची तयारी असेल तर एखाद्या मंगळवारी चारच्या सुमाराला मी स्वतः येते. बिल माझं मीच देईन, आणि त्यांना चालणार असेल तर त्यांनी काय काय वेगळं करून दिलं तेही इथे सविस्तर लिहीन.